नकाशावरचे चार स्वार

खामगाव, ता. २ ऑगस्ट १९२६

चि. उद्धवभावजी यांस आशीर्वाद.

पत्र पोचले. नागपूरला मुलाबाळांसह सगळे बरे आहात हे वाचले. आता कामाचे लिहिते.

माझा पहिला स्वार गेला. काल शकूरमियाँ ओट्यावर बसून सांगून गेले, की शेगावच्या सडकेवर, बाभळींच्या नाल्यापाशी, तो तुमच्या पायदळाच्या तोंडी सापडला. नाल्यात तुमची अख्खी पलटण दबा धरून होती. मला एवढेच विचारायचे आहे, की तुम्हाला नेमका तो नालाच कसा सुचला? ज्या चौकोनात माझा स्वार येणार, त्याच चौकोनात तुम्ही आदल्या खेपेला पलटण नेऊन बसवता, याला मी नशीब म्हणत नाही.

आपल्या खेळाचे नकाशे तीन आहेत. तुमचा तुमच्यापाशी, माझा माझ्यापाशी. दोघांचे सैन्य एकत्र मांडलेले दिसते ते फक्त शकूरमियाँच्या नकाशावर. ते पंच. आपण दोघे त्यांना कार्डावर हुकूम लिहून देतो आणि आपापल्या स्वारांना जेवढे दिसले तेवढेच ते आपल्याला कळवतात. मग बातमी गळली तर कुठून गळली असेल, तुम्हीच सांगा. मोहरम झाल्यावर ते दुकानातल्या पुस्तकबांधणीचे कापड आणायला नागपूरला गेले होते. तिथे ते तुमच्याकडे जेवले, हे मला तुमच्या पत्रातून कळले. त्यांनी सांगितले नव्हते.

ठरलेले पुन्हा लिहून ठेवते, म्हणजे कोणाला विसरायला नको. दिवाळीच्या पाडव्याला ज्याचे पायदळ आणि तोफ जळंब स्टेशनात उभे असेल तो जिंकला. तुम्ही जिंकलात तर शरयूला धामणगाव बढ्याच्या इंद्रभानला द्यायची, मी अक्षर बोलणार नाही. मी जिंकले तर ती अमरावतीच्या बायकांच्या ट्रेनिंग शाळेत मास्तरीण व्हायला जाईल, आणि तिचा काका म्हणून संमतीचा कागद तुम्ही तुमच्या हाताने द्याल. तुम्ही लिहिता, हे पोरखेळ झाले. तुमची नागपूरची नोकरी या पोरखेळावरच ठरली होती. बैलजोडी ठेवायची की काढायची, हेही. महायुद्धात बसऱ्याच्या छावणीत साहेबलोक टेबलावर हा खेळ मांडत आणि तुमचे बंधू भांडाराचे कारकून म्हणून त्यांचे नकाशे गुंडाळून ठेवत. तिथून ही रीत आपल्या घरात आली. ते जाऊन दोन वर्षे झाली. त्यांच्याबरोबर रीतही गेली, असे मी मानत नाही.

तुम्ही सडकांचे विचारलेत. नागपुरात बसून तुम्हाला कसे कळणार, म्हणून सांगते. तुमच्या बंधूंनी घातलेली अट तीच आहे, खरी सडक आज जशी असेल तशीच नकाशावरची धरायची. पाऊस चांगला आहे, काळ्या रानात बैलाचा पाय गुडघाभर रुततो. तेव्हा तोफ सडकेने किंवा रुळाच्या कडेनेच जाणार. नांदुऱ्याच्या सडकेवरचा पूल खचला आहे. कापसाच्या बाजारातले गाडीवाले दोन कोसांचा वळसा घालतात. तिकडून तोफा नेण्याचा विचारच मी सोडला आहे. शेगावला महाराजांच्या दर्शनाला जायचे मनात होते, तेही पावसामुळे राहिले.

धामणगावच्या घरी एवढी जमीन आहे, दारात म्हशी आहेत, मुलगा एकुलता आहे. मग त्यांना बाप नसलेली, सातवी शिकलेली आणि देण्याघेण्याला काही नसलेली मुलगी का हवी? हे तुम्ही त्यांना विचारलेत का?

सरस्वती

खामगाव, ता. २५ ऑगस्ट १९२६

चि. उद्धवभावजी यांस आशीर्वाद.

दुसरा स्वार जळंब फाट्याच्या रुळाकडेला गेला. तिथेही तुम्ही आधीच बसलेले. नांदुऱ्याकडे तुमचे चिटपाखरू नाही. मी तिकडून येणार नाही हे तुम्हाला कोणी सांगितल्यासारखे.

म्हणून मी शकूरमियाँच्या दुकानी गेले. दुकानात गिऱ्हाइके होती. एरवी मी मागच्या दाराने जाते. तुमचे बंधू होते तेव्हा इथे बांधायला आलेल्या पुस्तकांचे सुटे फर्मे ते एका रात्रीपुरते घरी आणत आणि मी ते वाचून सकाळी परत करी. माझे सगळे शिक्षण त्या दुकानातल्या न शिवलेल्या पानांवर झाले. पुष्कळ गोष्टींचा शेवट मला अजून ठाऊक नाही. तर त्या दिवशी मी पुढच्या दाराने गेले आणि चारचौघांत विचारले, की नागपूरला जेवताना माझे स्वार कुठे आहेत ते सांगितलेत का?

त्यांनी शिवणीची सुई खाली ठेवली. म्हणाले, "भाभी, तुमच्या मालकासंग मी बसऱ्याले एका तंबूत राह्यलो. तुमी मले हे काऊन विचारून राह्यल्या?"

मी म्हटले, दोन स्वार गेले म्हणून.

"तुमचे स्वार मरतेत, कारण तुमाले जिथं भेव वाटते तिथंच तुमी त्याईले धाडता. दुश्मन आहे हे ठाऊकच आहे, तिथं स्वाराचं काय काम? जिथलं ठाऊक नाही तिथं धाडा ना. अन् स्वार लढाले नसते, भाभी. त्यानं पाहावं अन् जित्तं वापस यावं."

मी म्हटले, तिसरा धाडला आहे नांदुऱ्याकडे, पण तो दर खेपेला काही दिसले नाही एवढेच कळवतो. त्याला परत बोलावणार आहे.

"काई दिसलं नाही, हे बी खबरच आहे," ते म्हणाले आणि पुन्हा सुई उचलली.

आतून अमीनाभाभी म्हणाल्या, "ह्यायच्या तोंडून भाजीत मीठ नाही ही बी गोष्ट निघत नाही. मुकाट जेवून उठतेत, मंग मी बसलो का मले समजते." गिऱ्हाइके हसली. मी हसले नाही. घरात न बोलणारा माणूस बाहेर बोलत नाहीच, असे थोडेच आहे.

धामणगावला मी गोजरबाईला पाठवले होते. ती कासारीण, बाजाराला गावोगाव फिरते, कोणाच्याही स्वयंपाकघरापर्यंत जाते. परत आली ती नवे लुगडे नेसून. सगळे चांगले आहे म्हणाली. विहिरीला उन्हाळ्यातही पाणी, सासू मऊ बोलते, पोरगा मान खाली घालून बसतो. मी विचारले, लुगडे कोणी दिले? "त्याईनंच देल्लं. गरिबाले देल्लं तं काय वंगाळ केलं बाप्पा?" म्हणाली. भावजी, ही पाहून आली नाही. तिला जे दाखवले ते घेऊन आली. त्या घराला ती कशासाठी आली आहे हे आधीच ठाऊक होते. कोणी सांगितले असेल?

तुम्ही विचारता, यंदा कोणता रस्ता लवकर वाळेल, वहिनी कोणत्या बाजूने शेगावला जाणार. विचारण्यात माया आहे, हे मी जाणते. या वेळी मात्र उत्तर राहू द्या.

सरस्वती

खामगाव, ता. २० सप्टेंबर १९२६

चि. उद्धवभावजी यांस आशीर्वाद.

मागच्या पत्रात मी तोडून लिहिले, त्याचा राग धरू नये. गौरी-गणपती झाले. घरात दोनच माणसे, त्यामुळे नैवेद्य थोडाच केला. ह्यांना पुरणाच्या दिंडांची आवड होती, ती केली आणि कोणाला वाढावी हे सुचेना.

शकूरमियाँ आता ओट्यावर बसत नाहीत. कार्ड अमीनाभाभी आणून देतात आणि उंबऱ्याबाहेरूनच जातात. माझे मत बदललेले नाही. पंच बदलावा असे म्हटले असते, पण या गावात हा खेळ दुसऱ्या कोणाला येत नाही.

नांदुऱ्याचा पूल तसाच आहे. दुरुस्तीला माणसे आली होती, ती पाऊस वाढला म्हणून परत गेली. तिसऱ्या स्वाराला मी तिथून हलवले, उगीच उभा होता. आता फार फाटे न फोडता सगळे सैन्य शेगावच्या सडकेने सरळ पुढे काढायचे मी ठरवले आहे. बाईमाणसाला आडवळणाचे डाव झेपत नाहीत, हे तुमचे म्हणणे पटले.

शरयू स्वतः का लिहीत नाही म्हणून विचारलेत. विळीवर उजव्या हाताचे बोट कापले आहे, चिंधी बांधली आहे. ती आत भाकरी थापते आहे, डाव्या हाताने काय थापते ते तिलाच ठाऊक. तुम्हाला नमस्कार सांगते. धामणगावचा विषय निघाला की उठून जाते, पण ते मुलींचे असेच.

सरस्वती

खामगाव, ता. १८ ऑक्टोबर १९२६

चि. उद्धवभावजी यांस आशीर्वाद.

दसऱ्याचे सोने पाकिटात घातले आहे, वाटेत चुरले नाही म्हणजे झाले.

शेगावच्या सडकेवर तुमची गर्दी फार झाली. चौथ्या स्वाराने दोन पलटणी आणि एक तोफ पाहिली, मग माघारी आला. म्हणजे जळंबला तुम्ही थोडेच लोक ठेवले असतील. पण मला तिथवर पोचता येईल असे दिसत नाही. तोफांची चाके काढता काढता पाडवा येईल. तुम्ही हरल्यासारखे तोंड करू नका, तुमचेच पारडे जड आहे.

धामणगावची मंडळी दिवाळीनंतर मुलगी पाहायला येतो म्हणतात, तर येऊ द्या. शरयू बरी आहे. बोट बरे झाले, पण आता अभ्यास नाही तर अक्षर कशाला गिरवायचे, म्हणते. नमस्कार सांगते.

सरस्वती

खामगाव, ता. १४ नोव्हेंबर १९२६

चि. उद्धवभावजी यांस आशीर्वाद.

तुमचे पाडव्याचे पत्र आणि त्यातला कागद काल मिळाला. तो मी उभ्यानेच वाचला आणि मग बसले. "माझी पुतणी शरयू हिने ट्रेनिंग शाळेत शिकण्यास माझी हरकत नाही." खाली सही, तारीख. तुम्ही घासाघीस केली नाहीत. धामणगावला नकार त्याच दिवशी टपालात टाकला, असेही लिहिलेत, आणि त्या लोकांत तुमचा शब्द गेला, तो गेला. वर लिहिता, येत्या रविवारच्या गाडीने येतो, शरयूला मीच अमरावतीला पोचवतो, दिवाळीला आलो नाही, ते तेवढेच भरून निघेल.

तुम्ही गाडीत बसायच्या आधी हे पत्र पोचायला हवे, म्हणून आजच लिहिते.

शरयू घरी नाही. गणपती बसायच्या आधीच ती अमरावतीला गेली.

तिच्या इथल्या शाळेच्या प्रतिमाबाईंनी तिचे नाव घालून दिले. पालक म्हणून सही मी केली. काका आजारी आहेत, त्यांचा कागद मागाहून येईल, असे सांगितले. बोट कापले नव्हते. भाकरी मीच थापत होते. गौरींना घरात दोन माणसे नव्हती, एकच होते.

आता तुम्ही विचाराल, मग खेळ कशाला? सांगते. दुसरा स्वार गेल्यावर मी तुमची सगळी पत्रे काढून अंथरुणावर ओळीने मांडली. दर पत्रात मायेचा एक प्रश्न होता. सडक कशी आहे, वहिनी? दर्शनाला कुठून जाणार? मी उत्तर देत होते आणि पुढच्या कार्डात तुम्ही तिथे बसलेले असायचात. शकूरमियाँनी तुम्हाला काही सांगितले नव्हते. मीच सांगत होते. जुलैत मी लिहिले होते, शेगावला जायचे आहे, बाभळींच्या नाल्यात पाणी किती ते आधी कोणी पाहून यायला हवे. तुम्ही नाल्यात पलटण बसवलीत. मी लिहिले, नांदुऱ्याकडून तोफा नेणार नाही. तुम्ही नांदुरा मोकळा टाकलात. माझे पत्र हाच तुमचा सगळ्यात चांगला स्वार होता. त्याला धान्य लागत नाही, तो मरत नाही, आणि दर महिन्याला तो खुशीने तुमच्या दारी येतो.

हरल्यावर तुम्ही पाडव्याच्या पत्रात लिहिलेत, की दादा आणि मी असेच खेळायचो, पत्रातूनही चाचपायचो, तो खेळाचाच भाग होता. असेल. त्यांनी मला तो भाग शिकवला नव्हता. मला वाटले, जो माणूस मायेच्या प्रश्नातून चौकोन काढतो, तो हरल्यावर शब्द पाळणार नाही.

मग मी तुम्हाला जे पाहायचे होते ते दाखवले. पूल गणपतीच्या आधीच दुरुस्त झाला होता, गाडीवाले वळसा घालायचे थांबले होते. तुमचा एक जरी स्वार नांदुऱ्याकडे फिरकला असता तरी शकूरमियाँनी तुम्हाला ते कळवले असते. तुम्ही धाडला नाहीत, माझे पत्र होते ना. तिसऱ्या स्वाराला मी कधी हलवलेच नाही. तो त्याच सडकेवर, पुलापलीकडे, झाडीत उभा राहून दर खेपेला काही दिसत नाही म्हणून सांगत होता, आणि त्या काही नाहीच्या भरवशावर मी बाकीचे पायदळ आणि दोन्ही तोफा नांदुऱ्याला नेल्या. तिथून रुळाच्या कडेने जळंबला. शेगावच्या सडकेवर मी एकच पलटण ठेवली, तिलाच तुम्ही सगळे सैन्य समजलात. चौथा स्वार तेवढे तुमचे लोक मोजून परत आला आणि मी त्याला पुन्हा कुठे धाडले नाही. हे दोन स्वार जगले, म्हणून मी जिंकले.

तुम्ही माझी पत्रे वाचत होता आणि जळंबकडे पाहत होता, तोवर धामणगावची तारीख ठरली नाही. ते मला हवे होते. खेळ मी जिंकले नसते तरीही शरयू अमरावतीलाच असती. हे तुम्हाला ठाऊक असायला हवे. तुम्ही शब्दाला जागला आहात आणि मी हरले असते तर शब्द पाळायचा विचार मी कधी केलाच नव्हता.

शकूरमियाँवरचा आळ खोटा आहे हे मला ऑगस्टच्या शेवटी कळले होते. त्यांची क्षमा मागायला मी गेले नाही. गेले असते तर ते तुम्हाला कुठून तरी कळले असते आणि मी पत्रांचे ओळखले आहे हे तुम्ही ताडले असते. म्हणून अडीच महिने मी त्या माणसाला लबाड राहू दिले. पाडव्यानंतर गेले, मागच्या दाराने. सगळे सांगितले. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "डाव चांगला टाकला, भाभी. फक्त मले तुमी मोहरा बनवाले नव्हतं पाह्यजे." अमीनाभाभींनी चहा दिला. ओट्यावर ते अजून येत नाहीत, आणि मी बोलावत नाही.

धामणगावचे घर चांगले असेलही. गोजरबाईने खरे सांगितले असेल. मी ते आता शोधणार नाही.

संमतीचा कागद मी शाळेत पाठवलेला नाही. तो या पत्रासोबत परत करते आहे. तो तुम्ही मला दिलात तेव्हा तुम्हाला सगळे ठाऊक नव्हते, म्हणून तो माझ्या कामाचा नाही. तुम्ही काका आहात. तुम्ही हरकत घेतली तर तिथल्या मुख्य बाई तिचे नाव कमी करतील, माझी सही तुमच्यापुढे टिकणार नाही. मी आडवी येणार नाही. माझ्याजवळ आता एकही स्वार नाही आणि पत्रात लपवलेले काही नाही.

मात्र ठरवण्यापूर्वी एक करा. नागपूरहून येताना बडनेरा वाटेतच लागते. तिथे उतरा आणि अमरावतीला जा. कोणाला पाठवू नका, कोणाला पत्र लिहून विचारू नका, आधी कळवून जाऊ नका. भेटीच्या वेळेला व्हरांड्यात बसा आणि मुलगी पाहा. ती हडकली आहे की नाही, तिला तिथे आपले घर आठवते का, वर्गात धडा वाचते तेव्हा तिचा आवाज कसा येतो, हे मला ठाऊक नाही. मी तिला पोचवायला गेले ती स्टेशनावरूनच परत फिरले. दर आठवड्याला तिचे पत्र येते आणि त्यात ती खुशाल असल्याचे लिहिते. भावजी, ती माझी मुलगी आहे. पत्रात काय लिहायचे आणि काय नाही हे ती माझ्यापाशी शिकली आहे.

तुम्हाला ती रडवेली दिसली तर तिला घेऊन घरी या. नाही दिसली तर कागद मुख्य बाईंच्या हाती द्या. काय पाहिलेत ते मला लिहा. ते मी कोणाकडून पडताळून घेणार नाही.

सरस्वती